संत्र्याचा क्रीम बार : पाककृतीत चार दुरुस्त्या हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘संत्र्याचा क्रीम बार’ ही पाककृती वाचली. बाहेर फळाच्या रसाचा बर्फ आणि आत व्हॅनिला आइस्क्रीम, असा हा काडीवरचा पदार्थ. निवड छान आहे आणि वेळही बरोबर साधली आहे, कारण मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलोरा धरणारी) नागपुरी संत्री सध्या बाजारात आहेत. पण छापल्याप्रमाणे रस साखर घालून उकळला, प्लॅस्टिकच्या साच्यांत ओतून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवला, मधला न गोठलेला भाग ओतून टाकला आणि त्या पोकळीत विरघळवलेले आइस्क्रीम भरले, तर हाती काय येईल? बाहेर फिकट, कडवट आणि दाताला दाद न देणारा बर्फ. आत चरचरीत दुधाळ बर्फ. आणि पहिल्याच घासाला दोन्ही एकमेकांपासून सुटलेले. चारही पायऱ्या चुकल्या आहेत आणि प्रत्येक चुकीचे कारण वेगळे आहे. म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी मूळ पदार्थाविषयी. हा अमेरिकेतला. काडीवरच्या सरबताच्या बर्फाचे पेटंट कॅलिफोर्नियाच्या फ्रँक एपरसन यांना १९२४ मध्ये मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हक्क न्यूयॉर्कच्या जो लोव कंपनीला विकले. तिकडे ओहायोतल्या हॅरी बर्ट यांच्याकडे काडीवरच्या आइस्क्रीमची पेटंटे होती. साहजिकच कोर्टकचेरी झाली आणि तडजोडीत पाण्याचा बर्फ एकाकडे, आइस्क्रीम दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली. ‘क्रीमसिकल’ आला तो त्यानंतर, १९३० च्या दशकात: नारिंगी बर्फाच्या कवचात व्हॅनिला. ब्रिटनमध्ये ‘मिव्ही’ याच बांधणीचा, फक्त कवच स्ट्रॉबेरीचे. आपल्याकडे मँगो डॉली, रास्पबेरी डॉली या नावांनी जे मिळते तेही याच कुळातले. गारेगारवाल्याकडची कांडी मात्र नुसता बर्फ. तिच्यात गाभा नाही, म्हणून ही सगळी भानगडही नाही.

भानगड अशी की, रस गोठताना आधी त्यातले पाणी गोठते. साखर, आम्ल, रंग, वास यांना बर्फाच्या स्फटिकात जागा नसते. ते सगळे पुढे ढकलले जातात आणि साच्याच्या मधोमध उरलेल्या द्रवात साठतात. गोठणे जितके संथ, तितके हे ढकलणे जास्त. प्लॅस्टिकचा साचा आणि घरच्या फ्रीझरमधली स्थिर हवा यांच्या जोडीने साडेतीन मिलिमीटर कवच धरायला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. त्यानंतर मधला द्रव ओतून दिला की साखर आणि संत्रे बेसिनमध्ये जाते, साच्यात राहतो तो पाण्याचा बर्फ. पाककृती करून पाहिलेल्या ज्या वाचकांना ‘कवचाला चवच नाही’ असे वाटले असेल, त्यांची संत्री चांगलीच होती. चव ओतून दिली गेली.

कारखान्यात हा प्रश्न वेगाने सोडवतात. धातूचे साचे कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात बुडालेले असतात आणि ते द्रावण उणे ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. कडा गोठल्या की नळ्या खाली येतात, मधला द्रव शोषून घेतात, लगेच मऊ आइस्क्रीम भरले जाते, मग काडी. घरी उणे ३५ मिळणार नाही, पण बर्फ आणि खडे मीठ मिळते. मटका कुल्फीवाले जे पिढ्यान् पिढ्या करतात तेच करायचे. तीन किलो बारीक फोडलेला बर्फ आणि एक किलो खडे मीठ थरावर थर देऊन खोलगट पातेल्यात भरावे आणि दोन पेले पाणी घालावे. पाणी महत्त्वाचे; त्याशिवाय बर्फाचे तुकडे साच्याला टेकतात तेवढ्याच ठिकाणी थंडी पोहोचते आणि कवच एकीकडे जाड, एकीकडे कागदासारखे होते. दहा मिनिटांत हे मिश्रण उणे १५ च्या खाली उतरते. बर्फ साच्याबाहेरच राहणार असला तरी तो खाण्याचाच आणावा. औद्योगिक बर्फ ओळखता यावा म्हणून तो निळसर करण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळी लादी दिसली तर ती स्वयंपाकघरात नको.

साचे धातूचे हवेत. स्टीलचे मिळाले तर उत्तम; कुल्फीचे ॲल्युमिनियमचे शंकूही चालतात, कारण रस त्यांत थोडाच वेळ द्रव असतो. मात्र आंबट रस त्यांत भरून आदल्या रात्री ठेवू नये. साच्याची वरची दीड सेंटिमीटर कड मिठाच्या पाण्याबाहेर राहिली पाहिजे. एक थेंब खारे पाणी आत गेले तरी तो बार वाया.

आता रसाकडे. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. सोलायला सोपे आणि वासाला अप्रतिम असे हे फळ आहे, पण रस काढून ठेवण्याच्या बाबतीत नाठाळ. त्याच्या पडद्यांत, आतल्या पांढऱ्या धाग्यांत आणि बियांत एक बेचव द्रव्य असते. फळ फुटले, ते द्रव्य आंबट रसात मिसळले की हळूहळू त्याचे लिमोनिन होते, आणि लिमोनिन कडू असते. म्हणून ताजा रस गोड लागतो, दोन-चार तासांनी तोच कडवट होतो. उष्णतेने हे रूपांतर झपाट्याने होते. पाककृतीत रस उकळायला सांगितला आहे ती सर्वांत मोठी चूक आहे. ती एकच दुरुस्ती छापायची असेल तर ही छापावी. मिक्सरही नको, कारण पाती बिया आणि पडदे भरडतात. फळ आडवे कापून काचेच्या रसपात्रावर हलक्या हाताने पिळावे, शेवटचा थेंब काढण्याच्या मोहात पडू नये, लगेच बारीक चाळणीतून गाळावे आणि तासाभरात साच्यात घालावे. मोसंबीचेही असेच. जालन्याची असो की कुठलीही, रस ठेवला की कडवटतो.

रस गरम करायचाच नाही, तर साखर कशी विरघळणार, असा प्रश्न येईल. लागते तेवढी साखर थंड रसात आरामात विरघळते. उलट साखरेचा उपयोग आधी सालीसाठी करून घ्यावा. एका संत्र्याच्या सालीचा फक्त नारिंगी पापुद्रा बारीक किसणीवर किसून (पांढरा भाग आला की कडूपणा आला) साखरेत बोटांनी चोळावा आणि दहा मिनिटे ठेवावा. सालीतले तेल साखरेत उतरते. ‘क्रीमसिकल’सारखी म्हणून जी चव लोकांच्या लक्षात राहते ती या तेलाची आणि व्हॅनिलाची. नुसता रस गोठवला तर तो गोडसर आंबट लागतो, संत्र्यासारखा फारसा लागत नाही, कारण थंडीत नाकाला वास कमी पोहोचतो.

साठ मिलिलिटरच्या आठ साच्यांसाठी कवचाचे प्रमाण असे. गाळलेला रस ५०० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, ग्लुकोज पावडर २० ग्रॅम, लिंबाचा रस दोन छोटे चमचे, मीठ चिमूटभर आणि सीएमसी पावडर (मिश्रण दाट करून बर्फाचे स्फटिक बारीक ठेवणारी) पाव छोटा चमचा सपाट. सीएमसी आधी कोरड्या साखरेत नीट मिसळावी आणि मग रसात भुरभुरत, सतत ढवळत घालावी. थेट रसात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या नंतर कशानेही मोडत नाहीत. मिश्रण पुन्हा गाळून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवावे, म्हणजे साच्यात जाताना ते चार-पाच अंशांवर असेल. कोमट मिश्रण घातले तर अर्धा बर्फ ते थंड करण्यातच संपतो.

ही मापे अशीच का, हे सांगायला हवे, नाहीतर वाचक आपापल्या जिभेने ती बदलतील. संत्र्याच्या रसात स्वतःची साखर साधारण १० टक्के असते. वरच्या प्रमाणात एकूण साखर सुमारे २२ टक्के होते. छापलेल्या पाककृतीत दोन वाट्या रसाला दोन मोठे चमचे साखर आहे, म्हणजे साधारण १५ टक्के. ढोबळमानाने, उणे १८ अंशांवर नुसत्या रसाच्या शंभर ग्रॅममधले ८४ ग्रॅम बर्फ होतात, १५ टक्क्यांच्या मिश्रणातले ७५ आणि २२ टक्क्यांच्या मिश्रणातले ६५. उरलेला भाग दाट पाकाच्या रूपाने स्फटिकांच्या मधे राहतो आणि तोच बर्फाला चावता येण्याजोगा करतो. साखर इथे गोडीसाठी कमी आणि पोतासाठी जास्त आहे. साध्या तापमानाला हे मिश्रण फार गोड लागेल. घाबरून पाणी घालू नये, हवे तर लिंबू थोडे वाढवावे. गोठल्यावर गोडी उतरते. दुसऱ्या टोकाला, साखर तीस टक्क्यांवर गेली तर कवच धरतच नाही, काडीवरून ओघळते.

ग्लुकोज पावडरीचे काम असे की, त्याच वजनाच्या साखरेपेक्षा ती गोठणबिंदू जवळपास दुप्पट खाली आणते आणि गोडी मात्र साखरेच्या पाऊणपटच देते. वीस ग्रॅमच्या वर गेल्यास कवच चिकट होते. साखर पूर्ण वगळून गोडीच्या गोळ्या घालण्याची सूचना पाककृतीच्या तळटीपेत आहे. तसे केल्यास गोडी राहील, पण बार चावता येणार नाही. मधुमेहींसाठी छोटा साचा हा जास्त प्रामाणिक उपाय आहे.

संत्रा आणि द्राक्ष बागायतदारांकडे हातात धरण्याचा ब्रिक्स मीटर (रसातली साखर टक्क्यांत दाखवणारा) असतो. त्याचा एक थेंबाचा पडताळा इथे फार उपयोगी. मिश्रण २१ ते २३ दाखवत असले की झाले. बहाराच्या सुरुवातीचे आणि शेवटचे फळ गोडीला सारखे नसते, त्यामुळे मापून साखर घालणे अंदाजापेक्षा बरे.

साचे काठापासून अर्धा सेंटिमीटर खाली भरून बर्फ-मिठात उभे करावेत. पाचव्या मिनिटापासून तपासायला लागावे. सहा ते दहा मिनिटांत काम होते. टूथपिक कडेला लावून पाहावी: तीन ते चार मिलिमीटर घट्ट थर लागला की साचा उचलून मधला द्रव एका झटक्यात भांड्यात ओतावा. साचा अरुंद असेल तर द्रव ओघळून काठावर गोठतो, त्यापेक्षा औषधाच्या मोठ्या सिरिंजने (नवी, सुई नसलेली) ओढून घ्यावा. दोन मिलिमीटरचे कवच साच्यातून काढताना फुटते. पाच मिलिमीटरच्या वर गेले तर शंकूच्या टोकात गाभ्याला जागाच उरत नाही, आणि शेवटचे तीन घास नुसता बर्फ.

ओतलेला द्रव टाकायचा नाही. वेगाने गोठवले तरी तो मूळ मिश्रणापेक्षा थोडा गोड झालेला असतो. दर शंभर मिलिलिटरला चार छोटे चमचे साधा ताजा रस मिसळला की तो पुढच्या खेपेसाठी तयार. म्हणूनच आठ साचे एकदम न भरता चार-चार भरावेत: पहिल्या चारांतून निघालेला द्रव दुसऱ्या चारांसाठी वापरता येतो आणि बर्फ-मिठावरही एकदम भार येत नाही.

आता गाभा. विकतचे व्हॅनिला घेणार असाल तर डब्यावर ‘आइस्क्रीम’ लिहिले आहे की ‘फ्रोझन डेझर्ट’, हे पाहावे. देशाच्या अन्न सुरक्षा नियमांप्रमाणे आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के स्निग्धांश हवा आणि तो दुधाचाच. फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पती तेल किंवा चरबी असते. फ्रोझन डेझर्ट खाऊ नये असे मुळीच नाही, पण या पदार्थात ते मागे पडते. संत्र्याच्या आंबटपणाला टेकायला दुधाची साय लागते, आणि वनस्पती चरबीचा पातळ थर थंड बर्फासोबत टाळूवर रेंगाळतो. आणखी एक साधी कसोटी वजनाची. नियमाप्रमाणे आइस्क्रीमचे एक लिटर किमान ५२५ ग्रॅम भरले पाहिजे, म्हणजे ७०० मिलिलिटरच्या डब्यात ३६७ ग्रॅमच्या आसपास तरी माल हवा. बाकी हवा असते, आणि ती असायलाच हवी; पण जास्त वजनाचा डबा गाभ्यासाठी चांगला, कारण भरताना त्यातले आइस्क्रीम कमी दबते.

घरी करायचे तर आठ बारांना पुरून उरेल असे प्रमाण: फुल क्रीम दूध २०० मिलिलिटर, साखर ५५ ग्रॅम, दूध पावडर १५ ग्रॅम, जीएमएस पावडर (दुधातले पाणी आणि स्निग्धांश एकजीव ठेवणारी) दीड छोटा चमचा, सीएमसी चिमूटभर, २५ टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम १०० ग्रॅम आणि व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा. क्रीम आणि इसेन्स सोडून सगळे थंड दुधात कालवून मंद आचेवर उकळी आणावी आणि दोन-तीन मिनिटे ढवळत ठेवावे. जीएमएस गरम झाल्याशिवाय विरघळत नाही, म्हणून इथे मात्र उकळणे गरजेचे. पूर्ण गार करून पसरट डब्यात चार-पाच तास गोठवावे. मग तुकडे करून, थंड क्रीम आणि इसेन्स घालून बीटरने दुप्पट फुगेपर्यंत फेटावे. इसेन्स आधी घातल्यास वास वाफेबरोबर जातो. फेटून झालेले मिश्रण उणे तीन-चार अंशांवर, मऊ आणि धरून राहणारे असते. तीच ते कवचात भरण्याची वेळ, त्यामुळे दोन्ही कामांचे वेळापत्रक जुळवावे: बीटर थांबण्याआधी दहा मिनिटे पहिले चार साचे बर्फात गेलेले असावेत. दुसऱ्या चारांची कवचे होईपर्यंत उरलेला गाभा फ्रीझरमध्ये झाकून ठेवावा आणि भरण्याआधी चमच्याने हलवून घ्यावा.

विकतचे आइस्क्रीम फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. चमचा सहज रुतला पाहिजे, पण डब्याच्या कडेला पाणी दिसता कामा नये. छापलेल्या पाककृतीत ते पूर्ण विरघळवायला सांगितले आहे. एकदा विरघळले की त्यातली हवा निघून जाते आणि पुन्हा गोठताना मोठे, चरचरीत स्फटिक धरतात; त्याचे आइस्क्रीम परत होत नाही. शिवाय पातळ आइस्क्रीम कवचाचा आतला थर वितळवते. दूध आणि आंबट रस द्रवरूपात एकत्र आले की तिथे बारीक फुटलेल्या दुधाचा कणीदार पट्टा तयार होतो. दोन्ही थंड आणि घट्ट असताना भेटले तर दूध फुटायला वावच राहत नाही.

उलट टोकाची चूकही होते. आइस्क्रीम फार कडक असेल तर ते कवचाला चिकटत नाही, मधे हवेचे खिसे राहतात आणि खाताना कवचाचे पापुद्रे गळून पडतात. चिकटण्यासाठी कवचाचा आतला पृष्ठभाग किंचित ओला हवा. द्रव काढल्यापासून मिनिटाभरात गाभा गेला तर तो ओला असतो; साचा तसाच फ्रीझरमध्ये ठेवून तासाने भरायला घेतले तर त्यावर कोरडे बर्फाचे दव बसलेले असते आणि जोड कधीच धरत नाही. दोन टप्प्यांच्या मधे फोन आला तर फोन थांबवावा.

भरताना पायपिंग बॅग वापरावी. नसेल तर दुधाची स्वच्छ धुतलेली जाड पिशवी, कोपरा कापून. टोक साच्याच्या तळापर्यंत न्यावे आणि भरत भरत वर यावे, म्हणजे तळाशी हवा अडकत नाही. साचा ओट्यावर दोनदा हलकेच आपटावा. वर पाच मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. ही जागा सोडण्याचे कारण दिसायला किरकोळ आहे, पण कवचाला तडे जातात ते इथूनच. मऊ आइस्क्रीममधले बरेच पाणी अजून गोठायचे असते, ते गोठताना फुगते, आणि बाहेरचे कवच तर आधीच दगड झालेले असते. आत पुरेशी हवा असलेले आइस्क्रीम ही वाढ स्वतःत सामावून घेते. न फेटलेला, हवा नसलेला गाभा वर सरकायला जागा शोधतो आणि ती नसेल तर कवच उभे चिरते. ज्यांना वरूनही नारिंगी टोपी हवी असेल त्यांनी गाभा अर्धा तास गोठल्यावरच वरचा रस ओतावा.

काडी लगेच खुपसली तर तिरकी होते. भरल्यावर साचे आणखी दहा मिनिटे बर्फ-मिठात ठेवावेत आणि मग काडी दोन-तृतीयांश खोल घालावी. बांबूची चपटी काडी गोल काडीपेक्षा चांगली. गोल काडीभोवती बार फिरतो. त्यानंतर साचे फ्रीझरमध्ये किमान सहा तास. बर्फ-मिठातून काढल्यावर साचे बाहेरून नळाखाली धुऊन पुसून मगच ठेवावेत.

साच्यातून काढायला गरम पाणी नको. साध्या नळाच्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद धरून काडी सरळ वर ओढावी, पिळू नये. बाहेर आलेला बार बर्फाच्या गार पाण्यात एक क्षण बुडवून बटर पेपरवर पुन्हा वीस मिनिटे गोठवला की त्याच्यावर पातळ चकाकी येते आणि कागद चिकटत नाही. मग एकेक गुंडाळून हवाबंद डब्यात.

आजकालच्या आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये तापमान दिवसातून अनेकदा वर-खाली होते. दर वेळी बारीक स्फटिक वितळून मोठे होतात. दोन आठवड्यांनंतर कवच भुसभुशीत, गाभा वाळूसारखा लागेल. डबा दारापासून लांब, मागच्या भिंतीकडे ठेवावा. वीज तास-दीड तासाहून जास्त वेळ गेली असेल आणि बार बाजूने चपटा झालेला दिसला, तर तो पुन्हा गोठवून मुलांना देऊ नये. प्रश्न फक्त पोताचा नाही, दूध आहे.

संत्री संपल्यावर काय करायचे? हापूस चालतो, पण नुसता आमरस फार दाट असतो, मधला भाग ओतताच येत नाही. आमरस २५० ग्रॅम, पाणी २५० ग्रॅम, साखर ७० ग्रॅम आणि लिंबू एक मोठा चमचा घेतल्यास साखर २० टक्क्यांच्या आसपास येते आणि रेषा काढून टाकल्या तर कवच सुरेख धरते. आंब्याच्या गरामुळे इथे सीएमसीची गरज नाही. अमृत कोकम एक भाग आणि पाणी अडीच भाग हेही जमते, रंग तर विचारूच नका. आगळ मात्र वापरू नये, त्यात मीठ असते. डबाबंद संत्र्याच्या पेयांपैकी ज्यावर ‘नेक्टर’ किंवा ‘ड्रिंक’ लिहिले आहे त्यात साखर आधीच घातलेली असते, त्यामुळे वरचे प्रमाण त्याला लागू पडत नाही. मृग बहाराचा रस साठवायचा असेल तर तो पिळल्याबरोबर, साखर घालून, पातळ पिशव्यांत आडवा गोठवावा. गोठलेल्या रसात कडूपणा फार सावकाश वाढतो. वापरण्याच्या दिवशी मात्र तो फ्रिजमध्ये वितळवून लगेच साच्यात गेला पाहिजे.

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया मापे ग्रॅममध्ये द्यावीत. घरोघरच्या वाट्या दीडशेपासून अडीचशे मिलिलिटरपर्यंत असतात. रस वाटीने आणि साखर चमच्याने मोजली की वाटी बदलताच मिश्रण २२ टक्क्यांवरून १७-१८ वर घसरते.

आपला,
एक वाचक, नागपूर